शनीत भाड्याने

बस्त्याव लोपीस लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा कधी उच्चारत नाही. ग्रहाचं नाव घेतो. मी आत शिरले की "शुक्र ना, बाय?" म्हणतो आणि तीनचं बटण दाबतो. मी पंचाहत्तरीला टेकलेली बाई, गुडघे कामातून गेलेले, हातात खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, आणलेली कोथिंबीर. आणि हा माणूस चार परक्या पुरुषांसमोर मला रोज शुक्रावर नेऊन सोडतो.

तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, म्हणून इथे त्याला अरेतुरे लिहिते. तोंडावर लोपीसभाऊच म्हणते.

पहिल्यांदा मला वाटलं, ज्योतिषी असेल. शारजात अल नहदाला मुलाकडे राहायला आल्यापासून मी दोन-तीन ज्योतिषी पाहिले होते, सगळे बँकेत नोकरीला. पण ह्याच्या गळ्यात क्रॉस होता. मग कळलं की वसईचा ख्रिश्चन आहे. मराठी आपल्यासारखंच बोलतो. माझ्या नातीपेक्षा पुष्कळ बरं बोलतो.

त्याचं म्हणणं असं. फार जुन्या काळी, त्यांच्या धर्मातले पंडित मठात बसून लॅटिनमध्ये लिहायचे तेव्हा, आकाश आजच्यासारखं पोकळ नव्हतं. कांद्यासारखं होतं. मधे पृथ्वी आणि तिच्याभोवती काचेसारखे आरपार दिसणारे गोल, एकात एक बसवलेले. एकेका गोलात एकेक ग्रह जडवलेला. सगळ्यात आत चंद्र, मग बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. त्याच्यावर ताऱ्यांचा गोल, त्याच्यावर स्फटिकाचा, त्याच्यावर सगळ्यांना गती देणारा एक. आणि सगळ्याच्या पलीकडे देवाचं घर. त्याला जागा नाही, वेळ नाही, नुसता उजेड.

आमच्या इमारतीत राहायचे मजले दहा आहेत. हा योगायोग आहे असं बस्त्याव मानायला तयार नाही. तळमजला म्हणजे पृथ्वी. तिथे बकाला, लाँड्री आणि केस कापायचं दुकान आहे. पृथ्वी मधोमध आहे म्हणून मानाची समजू नका असं तो बजावतो. जड असतं ते तळाशी बसतं, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर पार्किंगचे तीन मजले. पहिल्यावर पाइप गळतो, ते पाणी. दुसऱ्यावर वारा. तिसऱ्यावर ऑगस्टमध्ये गाडीच्या दाराला हात लावून पाहा, अग्नी समजेल. मग राहायचे मजले सुरू होतात, पुन्हा एकपासून मोजलेले, एक म्हणजे चंद्र. गच्ची म्हणजे देवाचं घर. तिथे एसीची धुडं आहेत, डिश अँटेना आहेत आणि दाराला कुलूप आहे. किल्ली रफीककडे. रफीक आमचा नातूर, म्हणजे वॉचमन. बस्त्याव म्हणतो, आमच्यात स्वर्गाची किल्ली संत पेत्राकडे असते, इथे रफीककडे आहे, पण वशिल्याशिवाय दोघंही उघडत नाहीत.

तो स्वतः सातव्यावर राहतो. म्हणजे शनीत. आमच्याकडे शनी राशीला आला तर माणसं मारुतीला तेल घालतात, शनिवार धरतात, उधार घेऊन शांत करतात. हा शनीत भाड्याने राहतो आणि लिफ्टमधून उतरताना खुशीत असतो.

मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. चौथीच्या पुस्तकात पृथ्वी फिरत होती एवढं मला आठवतं. म्हणून मी एकदा त्याला स्पष्टच विचारलं, हे सगळं खरं आहे का.

"छे छे. साफ चूक," तो म्हणाला. "शाळेत शिकवतात तेच खरं."

"मग कशाला सांगत फिरता?"

"खरं नाही, बाय. पण नीट आहे."

हे त्याचं आवडतं वाक्य. कुठली वस्तू कुठे ठेवायची हे त्या आकाशात ठरलेलं होतं, कुणाला जागा नाही असं नव्हतं, म्हणून ते नीट. पुढे तो हे वाक्य कशालाही लावायचा. माझ्या सुनेने फ्लॉवरचा पिझ्झा केला, तो खाऊन म्हणाला, खरा नाही, पण नीट आहे. सून अजून ठरवते आहे की राग मानावा की नाही.

वाद घालायला मला आवडतं आणि हरायला त्याला आवडत नाही, त्यामुळे आमचं जमलं. चंद्राच्या खाली सगळं नासतं, झिजतं, बदलतं, आणि चंद्राच्या वर काही म्हणजे काही नासत नाही, असा त्याच्या आकाशाचा मोठा नियम. मी म्हटलं, परवा माझं दूध नासलं, तिसऱ्या मजल्यावर. शुक्रावर. तो विचारात पडला. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आला. दूध बकाल्यातलं, म्हणजे पृथ्वीवरचं, ते खालूनच नासून आलं असणार. शुक्राच्या गोलात प्रेमात पडलेले लोक असतात, असंही त्याने एकदा सांगितलं. मी त्याला माझा मजला मोजून दाखवला. एका फ्लॅटमध्ये दोन भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, डबेसुद्धा वेगळे मागवतात. एकात घटस्फोट चालू आहे. एक रिकामा. एकात मी. तो म्हणाला, जुन्या पुस्तकांत थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

त्या गोलांचं गाणंही आहे. फिरताना ते वाजतात, म्हणे, पण आपण जन्मापासून ऐकतो म्हणून ते आपल्याला ऐकू येत नाही. मी म्हटलं, ह्या देशात तसलं गाणं एसीचं आहे.

"बरोब्बर," तो म्हणाला. इतका खूश झाला की मला वाटलं काहीतरी चुकलं माझं.

ह्या माणसाने आयुष्यभर एसीचंच काम केलं आहे. लहानपणी घरच्यांनी त्याला फादर व्हायला सेमिनरीत पाठवलं होतं. तिथे एक म्हातारे फादर हे जुनं आकाश शिकवायचे. परीक्षेला नव्हतं, त्यांना आवडायचं म्हणून. मग सुट्टीत घरी आलेला असताना आग्नेसशी गाठ पडली आणि फादर होणं राहिलं. सेमिनरीतलं बाकी सगळं परत करावं लागलं, आकाश तेवढं घेऊन आला. लग्न झालं, मुलगा झाला आणि हा अबू धाबीजवळ मुसफ्फाला एका वर्कशॉपमध्ये लागला. एसीचे डक्ट बनवायचे, पत्रा वाकवून गोल करायचा. गोल काही सुटले नाहीत. कामगारांच्या कॅम्पात खाट, दोन वर्षांनी एकदा घर. आग्नेस तिकडे वसईला सासू, मूल, केळीची वाडी आणि विहीर सांभाळत राहिली.

तो रिटायर झाला तेव्हा मुलगा विल्सन इथेच कामाला लागलेला होता. त्याने दोघांना आपल्या व्हिसावर आणलं. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा-बायको सलग एका घरात राहायला लागले. आणि आग्नेस विसरायला लागली.

आधी माणसांची नावं गेली. मग आकडे गेले. मग दुपारी दार उघडून बाहेर पडायची सवय लागली. नवऱ्याचा डोळा लागला की ही चपला घालून लिफ्टमध्ये. एकदा पार्किंगमध्ये सापडली. एकदा खाली लाँड्रीत सापडली, लोकांच्या शर्टांच्या घड्या घालत. लाँड्रीवाला म्हणाला, घड्या अशा माझ्या पोरालाही जमत नाहीत. सगळे हसले. विल्सन हसला नाही.

विल्सन वाईट मुलगा नाही. तो आणि त्याची बायको सकाळी दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरतात ते संध्याकाळीच बाहेर पडतात. खाली मोठा रस्ता आहे, गाड्या बुलेटसारख्या जातात. त्याने वडिलांना बसवून सांगितलं. वसईजवळ सिस्टर लोकांचं एक घर आहे, विसरणाऱ्या बायकांसाठी. तिथे जागा होते आहे. मम्मी आणखी एकदा जरी हरवली तरी तिकीट काढायचं. सिस्टर पुरुषांना ठेवून घेत नाहीत, आणि डॅडींना साखर आहे, त्यांचे डॉक्टर इथे आहेत. तेव्हा डॅडींनी इथेच राहायचं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

बस्त्यावने मला हे लिफ्टमध्येच सांगितलं. त्या दिवशी ग्रहाचं नाव घेतलं नाही, बटणही मीच दाबलं.

"आयुष्यभर ती तिकडे, मी इकडे," तो म्हणाला. "आता ती इकडे आली, तर म्हणे तिला तिकडे पाठवा. विल्सनचं खरं आहे, बाय. पण नीट नाही."

माझा मजला आला, मी उतरले.

ह्याच सुमारास त्याचं वेड जरा वाढलं, असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं. त्याने दर मजल्यावर लिफ्टशेजारी भिंतीला ग्रह चिकटवले. बशीएवढे पुठ्ठ्याचे गोल, त्यांवर रंगीत कागद. चंद्र पांढरा, शुक्र हिरवा, सूर्य पिवळा. शनी निळा, कड्यासकट. कडं जुन्या पुस्तकात नव्हतं, पण ओळखायला सोपं, म्हणाला. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली. त्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं आणि ह्याने दारासमोर मंगळ लावला होता. त्याने मंगळ लिफ्टच्या दुसऱ्या बाजूला नेला. पुढच्या महिन्यात मुलीचं जमलं. तेव्हापासून त्या बाई त्याला नारळाच्या वड्या पाठवतात. ह्यात अक्कल कुणाची कमी म्हणायची ते मला ठरवता आलेलं नाही.

आणि एक प्रश्न सुरू झाला. "फिरवतं कोण?" दिसेल त्याला विचारायचा. हे सगळं गरगर फिरतं आहे, मान्य, पण फिरवतं कोण? माझ्या नातीला, ईशाला विचारलं. ती मोबाइलमधून मान वर न काढता "ग्रॅव्हिटी, अंकल" म्हणाली. रफीक म्हणाला, "अल्ला. और कौन?" लिफ्टचा मेकॅनिक आला होता, तो म्हणाला, मोटर. बस्त्याव प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायचा, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघायचा आणि मान हलवायचा. नाही.

मला वाटलं, हा परीक्षा घेतो आहे. त्यांच्या पुस्तकात एकेका गोलाला एकेक देवदूत नेमलेला असतो, आणि सगळ्यात वरच्या गोलाला देवाची ओढ लागलेली असते म्हणून तो धावतो, असं त्यानेच मला सांगितलं होतं. म्हणून मी म्हटलं, देवदूत. त्याने मान हलवली.

"ते झालं सांगून," म्हणाला.

"मग ओढ."

"तेही झालं."

चार दिवसांनी पुन्हा आला. मी पोळ्या करत होते, सून कामावर होती, गॅसपाशी उकडत होतं. हा चहाचा कप घेऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाय, पण फिरवतं कोण?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कोण कशाला फिरवायला हवं? फिरायची सवय लागली असेल. सवय लागली की माणूस थांबत नाही, तिथे गोल कशाला थांबेल?

त्याने ओठ हलवून एकदा म्हणून बघितलं. मग अर्धा चहा तसाच ठेवून उठला आणि घाईने वर गेला. मला वाटलं, दुखावला. त्यांच्या सगळ्या देवदूतांना मी एका वाक्यात कामावरून काढून टाकलं होतं. जाऊ दे म्हटलं, पोळी करपत होती.

त्यानंतर त्याने तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.

मग इमारतीला रंग द्यायचं निघालं. इमारतीच्या ऑफिसमधून एक तरुण आला, टाय लावलेला. भिंतीवर काहीही नको. रफीकने वरपासून खालपर्यंत ग्रह उपटले आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरले. बस्त्याव त्या तरुणाच्या मागे मागे तळमजल्यापर्यंत गेला. बाकी सगळे घ्या, चंद्र घ्या, सूर्य घ्या, एक शनी राहू द्या, एवढंच मागत होता. तो तरुण सभ्य होता. "नो स्टिकर, अंकल. खलास," म्हणाला आणि गाडीत बसून गेला. रफीकला मात्र काय वाटलं कोण जाणे, त्याने ती पिशवी फेकली नाही, आणून बस्त्यावच्या हातात दिली. तो पिशवी पोटाशी धरून बाकावर बसून राहिला. मी म्हटलं, लोपीसभाऊ, पुठ्ठ्यासाठी एवढं? सूर्यमाला कचऱ्यात गेल्यावर माणूस काय बोलणार, असं मनात म्हणून मी भाजी घ्यायला गेले.

त्याच आठवड्यात एका दुपारी एसी बंद पडला. गच्चीवर काही दुरुस्ती चालली होती. इथे एसी बंद पडला की आधी गरम होत नाही, आधी शांत होतं. तेव्हा कळतं की इतके दिवस काहीतरी वाजत होतं. ईशा शाळेत, मुलगा-सून कामावर. मी दार सताड उघडं टाकलं, कॉरिडॉरमधून थोडा वारा येईल म्हणून, आणि पदराने वारा घेत बसले.

आग्नेस आत आली. चपला दाराशी काढल्या, जोडून ठेवल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आमच्या इमारतीत सगळे फ्लॅट एका छापाचे. दार उघडलं की डावीकडे स्वयंपाकघर, समोर हॉल, हॉलमध्ये सोफा, आणि सोफेसुद्धा सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेले. मागोमाग मी गेले तर तिने पातेल्यावरचं झाकण काढलं होतं. माझ्याकडे वळून बघितलं.

"तू कोण गो?"

"मी इथे राहते."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मग आमटीला मीठ का नाही घातलंस?"

मीठ कमीच होतं. माझ्या ब्लड प्रेशरपायी सून चिमूटभर घालते. मी डबा पुढे केला. तिने मीठ घातलं, ढवळलं, चाखलं, आणि मग तिचा हात एकाएकी थांबला. ती छताकडे बघायला लागली.

"थांबलं," म्हणाली.

"काय?"

"फिरत होतं ते. ऐकू येत नाही आता." चेहरा लहान पोरासारखा झाला. "फिरवतं कोण ते?"

तेव्हा मला तो प्रश्न कुणाचा ते कळलं. इतके दिवस हा म्हातारा अख्ख्या इमारतीची परीक्षा घेत नव्हता. वर बायकोला सांगायला उत्तर मागत हिंडत होता.

मी तिच्या हातातला डाव काढून घेतला. "कोणी फिरवत नाही," म्हटलं. "त्याला सवय आहे फिरायची. जरा दम खातंय. फिरेल पुन्हा."

तिने मला नीट न्याहाळलं. मग श्वास सोडला आणि स्टुलावर बसली.

"तोही हेच सांगतो," म्हणाली. "आधी मेला काहीबाही सांगायचा. देवदूत न काय न काय. आता शहाण्यासारखं सांगतो."

"तो कोण?"

"आहे एक जण, आमच्याकडे असतो. चांगला आहे. माझे पाय चेपून देतो." तिने आवाज खाली आणला. "माझा नवरा अबू धाबीला आहे ना. नाताळला येईल. तोवर हा बघतो सगळं."

मी बोलणारी बाई आहे. त्या वेळी मात्र मी आमटी वाढली आणि वाटी तिच्यापुढे ठेवली.

"तू कुठे राहतेस?" मी विचारलं.

"शनीत." जराही अडखळली नाही. बोटं धरून मोजायला लागली, चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू. "नवऱ्याने शिकवलंय. लग्नाच्या आधी, विहिरीच्या कठड्यावर बसून. मास्तरासारखा विचारायचा."

"मग शनीतच उतरायचं होतं की."

"शनी काढला कोणीतरी," ती म्हणाली, जशी काही माझीच चूक होती.

मग बस्त्याव आला. अनवाणी, बनियनवर, तोंडाला कोरड. दहाव्यापासून खाली एकेक दार वाजवत आला होता. माझ्या उंबऱ्याशी थांबला, तिला आमटी खाताना बघितलं आणि चौकट धरून उभा राहिला. आत येईना.

"हाच तो," आग्नेस मला म्हणाली. "बस म्हणावं त्याला. दमला वाटतं."

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं आणि विल्सन बाहेर आला, ऑफिसच्या कपड्यांत. रफीकने त्याला फोन केला होता, आणि दुपारी रस्ता मोकळा असतो. रफीकची चूक नाही. मॅडम दिसली नाही तर फोन करायचा असं त्याला सांगून ठेवलेलं होतं.

"डॅडी. कुठे होती मम्मी?"

बस्त्यावला खोटं बोलता येत नाही. सेमिनरीत बाकी सगळं परत घेतलं, हे घ्यायला विसरले. तो तोंड उघडून नुसता उभा. त्या तोंडातून आता खरं बाहेर पडणार आणि संध्याकाळी तिकीट निघणार, हे मला दिसत होतं.

"मी बोलावलं," मी म्हटलं. "एसी नाही, एकटी बसले होते. आमटीला मीठ बघायला बोलावलं."

विल्सनने बापाच्या पायांकडे बघितलं. "मग डॅडी सगळ्या मजल्यांवर का धावत होते, आंटी?"

"साखर आहे ना त्यांना. डॉक्टर व्यायाम सांगतात."

विल्सन मूर्ख नाही. माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग आईसमोर गुडघे टेकून बसला. मीठ कसं आहे, मम्मी, असं विचारलं. ती म्हणाली, आता बरोबर आहे, तू जेवलास का बाबा? त्याला नावाने नाही ओळखलं, पण जेवला नाही हे ओळखलं. तो तिथेच फरशीवर बसून दोन वाट्या आमटी प्याला. तोवर वरची धुडं चालू झाली आणि घरभर पुन्हा तो आवाज भरला. आग्नेसने माझ्याकडे बघून मान डोलावली. सांगितलं होतंस तसंच झालं, अशी.

मी विल्सनला म्हटलं, रोज दुपारी तिला इथे सोडत जा. माझीही दुपार सरत नाही, आणि तिला मीठ कळतं. तो म्हणाला, बघू आंटी. इथली पोरं बघू म्हणतात तेव्हा बहुतेक नाही म्हणायचं असतं. पण तिकीट काढलेलं नाही. अजून तरी नाही.

त्याच संध्याकाळी मी बस्त्यावकडून काळी पिशवी मागवली. त्यातला शुक्र घेतला आणि माझ्या दारावर चिकटवला. ऑफिसचा नियम भिंतीचा आहे, दाराचा नाही. शनी त्याने आपल्या दारावर लावला. त्या टायवाल्याने काढून दाखवावा.

आता दुपारी जेवणं झाली की बस्त्याव तिला घेऊन येतो. ती दारावरच्या हिरव्या गोलाला बोट लावते, "शुक्र" म्हणते आणि आत येते. आत येताना मागे वळून त्याला "थँक्यू हां" म्हणते, परक्या माणसाला म्हणतात तसं. तो "येतो मी, बाय" म्हणतो आणि जातो. आम्ही दोघी लसूण सोलतो. ती मला तिच्या नवऱ्याच्या गोष्टी सांगते. फार हुशार आहे म्हणते, पण लांब असतो.

तो कुठे जातो हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, झोपत असेल, सुटला बिचारा तासभर. परवा आग्नेस सोफ्यावर झोपली होती आणि दही संपलं होतं. दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि खाली जायला लिफ्ट बोलावली. दार उघडलं तर कोपऱ्यात बस्त्याव. एकही बटण पेटलेलं नव्हतं.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग वर की खाली?"

कुणी वर बोलावलं की लिफ्ट वर जात असणार, कुणी खाली बोलावलं की खाली, आणि हा आत उभा.

"आज विचारत होती," तो म्हणाला, "नवरा कधी येणार. मी म्हटलं, निघालाय तो." बोट बटणांवरून फिरवलं, एकही दाबलं नाही. "खरं नाही, बाय."

पुढचं बोलला नाही. मी वाट बघितली. दार बंद व्हायला लागलं, तशी मी मधे हात घातला.

"शुक्र आला, लोपीसभाऊ," म्हटलं. "उतरा."